तू जागा आहेस म्हणून

रात्री तीनला माझ्या पायाच्या अंगठ्याला नवऱ्याचा हात लागतो. खांद्याला नाही, पायाला. खांदा हलवून उठवलं की माणूस दचकून उठतो आणि वरच्या फळीवर डोकं आपटतं, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो. बोटीच्या केबिनमध्ये मंद लाल दिवा असतो. पांढऱ्या उजेडानं डोळे एकदा दिपले की अंधाराला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, म्हणून रात्री लालच. मी जॅकेट चढवते, त्यावर लाइफजॅकेट, त्याला जोडलेला पट्टा. शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतानाच पट्ट्याचा आकडा कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेतल्या, कडीत अडकवते आणि मगच बाहेर पाऊल टाकते. "काही?" मी विचारते. "काही नाही," तो म्हणतो. कधी म्हणतो, "उजवीकडे एक जहाज आहे, लांबून जाईल." कधी, "वारा जरा मागे सरकलाय, लक्ष ठेव." दोन-तीन मिनिटं शेजारी बसतो. मग खाली जातो आणि मी आत्ताच सोडलेल्या अंथरुणात शिरतो. ते अजून गरम असतं.

निवृत्त झाल्यावर घर सोडून आम्ही शिडाच्या बोटीवर राहायला आलो, त्याला आता सात वर्षं होतील. लोक आम्हाला सगळ्यात जास्त जो प्रश्न विचारतात तो वादळाचा नसतो आणि चाच्यांचाही नसतो. विचारतात, बारा मीटरच्या बोटीत दोघंच, चोवीस तास एकमेकांसमोर, वैताग येत नाही? विचारणारे बहुतेक आमच्याच वयाचे, नुकते निवृत्त झालेले असतात. घरात दोघंच उरल्यावर हाच प्रश्न त्यांच्याही मनात कुठेतरी टोचत असावा, असं मला वाटतं. मी खरं उत्तर देते तेव्हा त्यांना पटत नाही. खरं उत्तर असं की लांबच्या टप्प्यावर असताना आम्ही एकमेकांना फारसे भेटतच नाही. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला. हेलकाव्यांत घरंगळू नये म्हणून बाजूला कापड ताणलेली, बोटीच्या मध्याजवळची तेवढी एकच जागा नीट झोपण्यासारखी. तिथंच आम्ही पाळीपाळीनं झोपतो. तीन-तीन आठवडे त्याच्या उशीची ऊब माझ्या गालाला लागते आणि तो मात्र वर असतो. मला त्याची आठवण येते. डोक्यावर दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाची आठवण येते म्हणजे काय होतं, हे जमिनीवरच्या पस्तीस वर्षांच्या संसारात मला कधी कळलं नव्हतं.

समुद्रावर कुणीतरी सतत पहाऱ्यावर असावंच लागतं. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेनं सर्व वेळ, डोळ्यांनी आणि कानांनी, हाताशी असेल त्या प्रत्येक साधनानं नजर ठेवावी. बोट लहान आहे, माणसं दोनच आहेत, वय झालंय, अशा सवलती त्यात नाहीत. आणि हिशेबही सरळ आहे. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा सागरी मैलांवरून दिसेल एवढा प्रखर असावा लागतो. जहाज २० नॉटनं, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी, आपल्याकडे येत असेल तर ते सहा मैल अठरा मिनिटांत संपतात. आमच्या कॉकपिटमध्ये एक गजर लावलेला असतो, तो दर पंधरा मिनिटांनी वाजतो. वाजला की उभं राहायचं, क्षितिजावरून नजर सावकाश एक पूर्ण फेरी फिरवायची, पाठीमागे जरा जास्त वेळ थांबायचं. दिवा दिसलाच तर रंग बघायचे. प्रत्येक नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. एकच रंग दिसत असेल तर आपल्याला तिची एक बाजू दिसतेय. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती थेट आपल्या अंगावर येतेय. जहाजं स्वतः पाठवतात ते संकेत पकडणाऱ्या एआयएसच्या पडद्यावर मोठी जहाजं नावानिशी, वेगासकट दिसतात, आणि त्या यंत्रानं आमच्यासारख्यांचं आयुष्य किती सोपं केलंय ते मी नाकारणार नाही. पण मासेमारीच्या सगळ्याच होड्या त्या पडद्यावर येत नाहीत आणि वाहत आलेला ओंडका तर कधीच येत नाही.

सुकाणू मात्र हातात धरून बसावं लागत नाही. ते काम बोटीच्या मागे बसवलेलं विंडवेन करतं. वाऱ्यात उभं राहणारं एक हलकं पातं आणि पाण्यात बुडालेलं एक वल्हं, एवढाच त्याचा पसारा. बोट वाऱ्याच्या कोनातून ढळली की पातं कलतं, पातं कललं की वल्हं वळतं, वाहतं पाणी वल्ह्याला बाजूला ढकलतं आणि त्या जोरावर दोऱ्या सुकाणू ओढून बोट पुन्हा मार्गावर आणतात. वीज लागत नाही, थकत नाही, झोपत नाही. मी रात्री कित्येकदा त्याच्याकडे नुसती बघत बसते. एवढ्या साध्या वस्तूनं इतकं शहाण्यासारखं वागावं, याचं मला अजून नवल वाटतं. पण ते जहाज बघू शकत नाही. बघायला माणूस लागतं.

आमचा पहिला मोठा टप्पा अटलांटिकचा होता. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे, सुमारे २७०० सागरी मैल. तिकडे वादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत, म्हणून आमच्यासारख्या बोटी तो सरता सरता निघतात. खलाशांची जुनी म्हण आहे की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळ. लोणी वितळेल एवढी हवा उबदार झाली की ईशान्येचे व्यापारी वारे भेटतात, आणि एकदा ते पाठीशी लागले की थेट पलीकडे नेऊन सोडतात. आम्हाला तेवीस दिवस लागले.

त्यातल्या पहिल्या चार रात्री तो झोपला नाही. म्हणजे त्याच्या पाळीला तो जागा असायचाच, पण माझ्या पाळीलाही जागा. मी वर एकटी बसलेली, आणि दर अर्ध्या तासानं खालून त्याचं डोकं बाहेर यायचं. "ठीक आहे ना?" ठीक होतं. पुन्हा अर्ध्या तासानं, "वारा वाढलाय का?" नव्हता वाढला. तो तरुणपणापासून शीड हाताळत आलेला, मी पन्नाशीनंतर शिकलेली. त्याची काळजी मला समजत होती. तरी चौथ्या रात्री मला रडू आलं. माझ्या हातात बोट देऊन तो झोपू शकत नव्हता आणि ते मला बोलून दाखवण्याऐवजी दर अर्ध्या तासानं डोकं बाहेर काढून दाखवत होता. पाचव्या दिवशी दमणुकीनं त्याचा चेहरा काळवंडला. दुपारी तो साधी गाठ दोनदा चुकला. समुद्रावर झोप न मिळालेला माणूस हाच सगळ्यात मोठा धोका असतो, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

त्याच रात्री पहाटे चारच्या सुमारास मागून सर आली. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात अशा सरी नेमानं येतात. आधी पाठीमागच्या चांदण्या खालून पुसल्या जातात, जणू कुणी काळा बोळा फिरवतंय. मग गार हवेचा एक झोत मानेला लागतो, आणि त्यानंतर हातात अगदी थोडा वेळ उरतो. मी त्याला हाक मारणार होते. तोंडाशी आलेलं नाव मी गिळलं आणि पुढच्या शिडाची दोरी विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चकरीवर, घेतली. शीड निम्म्याहून जास्त गुंडाळलं, दोरी पक्की केली, आणि मग पाऊस आला. वाऱ्याचा वेग १५ नॉटवरून ३२ वर गेला. बोट थरथरली, कलली आणि सावरली. अर्ध्या तासात सगळं पुढे निघून गेलं. मी शीड पुन्हा उघडलं आणि लॉगबुकात लिहिलं: "४.२० सर. पुढचं शीड गुंडाळलं. वारा ३२. ४.५० सर गेली, शीड उघडलं." अक्षर वाकडंतिकडं आलं होतं, हात कापत होते.

सकाळी सहाला तो आला, लॉगबुक उघडलं, वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसला. त्या पावसात तो झोपून राहिला होता. शेवटी शरीरानंच त्याला झोपवलं होतं. पुढच्या रात्री माझी पाळी आली तेव्हा तो सरळ खाली गेला आणि दहा मिनिटांत त्याचं घोरणं वर ऐकू यायला लागलं. त्या घोरण्याइतका मोठा मान मला नोकरीतल्या कुठल्याही बढतीनं दिलेला नाही.

एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. २४ एप्रिल १८९५ ला तो बॉस्टनहून 'स्प्रे' नावाच्या बोटीतून निघाला आणि २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परतला, ४६,००० मैल. ऑस्ट्रेलियाजवळच्या थर्सडे बेटावरून हिंदी महासागरातल्या कोकोस कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांत, तेवीस दिवसांत, तो सगळे मिळून तीन तासही सुकाणूपाशी नव्हता. बोटच स्वतःला सांभाळत गेली. पण मला त्याची आठवण येते ती वेगळ्या रात्रीसाठी. अझोर्स बेटं सोडल्यावर तो पोटदुखीनं केबिनच्या जमिनीवर लोळत होता, बाहेर वारा घोंघावत होता, आणि भ्रमात त्याला सुकाणूपाशी एक उंच परका माणूस उभा दिसला. आपण कोलंबसाच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या आहोत, तू निवांत पड, रात्रभर बोट मी चालवतो, असं त्या माणसानं सांगितलं. सकाळी स्लोकमनं पाहिलं तर बोट योग्य मार्गावर होती. जगात कुणाची गरज नसलेला तो माणूस. पण झोपायला त्यालाही कुणीतरी जागं लागलं. नव्हतं, तर त्याच्या मनानं चारशे वर्षांपूर्वीचा एक वाटाड्या आणून उभा केला.

आमच्यासारख्या जोडप्यांचा वारसा मात्र वेगळ्या लोकांकडून येतो. एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ ते १९५५ या काळात 'वाँडरर थ्री' या तीस फुटी बोटीतून पृथ्वीला वळसा घातला. एरिकची नजर अधू होती. रात्री दूरचा दिवा कुणाला आधी दिसत असेल, हे मी मनाशी ठरवून टाकलंय. लिन आणि लॅरी पार्डी यांनी आपल्या बोटी स्वतः बांधल्या, पहिली 'सेराफिन' चोवीस फुटांची, दुसरी 'टॅलेसिन' तिशीच्या आतली, आणि दोन्हींत इंजिन बसवलंच नाही. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, दोन्ही दिशांनी ते जग फिरले. लहान बोट घ्या, साधी घ्या आणि आत्ता निघा, हे त्यांचं सांगणं ऐकून किती जोडपी निघाली असतील. लॅरी २०२० मध्ये गेला. ती बातमी आम्ही नांगर टाकलेला असताना वाचली आणि तो संपूर्ण दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून फार लांब गेलो नाही.

या आयुष्याचं कॅलेंडर वाऱ्याच्या हातात असतं. पनामा कालवा ओलांडायचा तो पुढचा प्रशांत महासागर शांत मोसमात गाठता यावा अशा बेतानं. १९१४ मध्ये खुला झालेल्या या कालव्यात दारं बंद होतात, पाणी चढतं आणि बोट २६ मीटर वर, गाटुन तलावाच्या पातळीला उचलली जाते. तिथं दोघं पुरत नाहीत. लहान बोटीला चार दोर आणि चार दोर धरणारे लागतात, शिवाय बोट चालवणारा. मग आसपासच्या बोटींवरची माणसं एकमेकांच्या बोटीवर दोर धरायला जातात. ज्यांचं नावही आपल्याला नीट उच्चारता येत नाही अशी माणसं आपली बोट भिंतीवर आपटू नये म्हणून तळहात सोलून घेतात. आम्हीही दोन बोटींसाठी गेलो. पुढे गालापागोसला बोटीचं बूड तपासलं जातं. शेवाळ किंवा शिंपले चिकटलेले दिसले तर परत खोल समुद्रात जाऊन साफ करून या म्हणतात. तिथल्या जिवांचा विचार करता ते योग्यच आहे. मग मार्केसास बेटांपर्यंत तीन हजार मैल, मध्ये काहीही नाही. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण प्रशांतात चक्रीवादळांचा काळ, तेव्हा बोटी न्यूझीलंडकडे उतरतात किंवा विषुववृत्ताजवळ सरकतात. पक्ष्यांचं जसं असतं तसंच.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो ध्रुव तारा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे शाळेत वाचलं होतं. कॅनरी बेटांपाशी तो २८ अंशांवर होता. पश्चिमेबरोबर दक्षिणेला सरकत गेलो तसा तो खाली येत गेला. कॅरिबियनला पोचलो तेव्हा १४ अंशांवर. मी रात्री हात लांब धरून मुठींनी मोजायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तीन मुठींना थोडा कमी असणारा ध्रुव दीड मुठीवर आला. साठ सागरी मैल दक्षिणेला गेलं की तो एक अंश उतरतो. पनामाहून खाली निघाल्यावर तो क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात शिरला आणि एका रात्री दिसलाच नाही. ज्याला अढळ म्हणत आलो, ज्याची गोष्ट मुलांना सांगितली, तो पाण्याखाली गेला. त्या रात्री नवऱ्याची पाळी संपल्यावर मी त्याला वरच थांबवून घेतलं. "ध्रुव गेला," मी म्हटलं. त्यानं उत्तरेला बघितलं, मग दक्षिणेला बोट दाखवलं. तिथं त्रिशंकूचे चार तारे बरेच वर आले होते. आम्ही अर्धा तास बसलो. त्याच्या झोपेतला अर्धा तास गेला.

भांडणं होतात, ती किनाऱ्याजवळ. नांगर टाकताना तर हमखास. एक पुढे साखळीपाशी, एक मागे सुकाणूपाशी, मध्ये बारा मीटर, वारा आणि इंजिनचा आवाज. "मागे घे" म्हटलेलं "जागेवर घे" ऐकू येतं. आजूबाजूच्या दहा बोटींवरची माणसं बघत असतात. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांवर जेवढे ओरडलो तेवढे लग्नानंतर कधी ओरडलो नसू. मग खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब, अंगठा मागे म्हणजे मागे घे, हात आडवा म्हणजे नांगर धरला. तेव्हापासून आम्ही नांगर टाकताना बोलत नाही. ज्यांना या आयुष्यात यायचंय त्यांना मी हीच गोष्ट आधी सांगते, बाकी पुस्तकांत मिळतं.

आणि दुसरी गोष्ट सांगते ती पाण्यात पडण्याची. दोघांच्या बोटीवर एक पडला तर उरतो एक. बोट सहा नॉटनं चालली असेल तर सेकंदाला तीन मीटर जाते. शिडं आवरून वळेपर्यंत पडलेला माणूस शंभर-दोनशे मीटर मागे, आणि लाटांमध्ये दिसणारं डोकं नारळाएवढं. दर हंगामाच्या सुरुवातीला आम्ही सराव करतो. तो एका फेंडरला, म्हणजे बोटीची कड घासू नये म्हणून लावायच्या फुग्याला, पाण्यानं भरलेली बादली बांधून पाण्यात टाकतो आणि सुकाणूपासून बाजूला होऊन हात मागे बांधून बसतो. त्या क्षणापासून तो नाही असं धरायचं. मी जीपीएसवरचं बटण दाबते, पुढचं शीड न सोडता बोट वाऱ्यातून वळवते म्हणजे ती आडवी होऊन जवळजवळ थांबते, तरंगता पट्टा सोडते, फेऱ्या मारत बादलीपाशी येते. मग खरं काम. ओल्या कपड्यांतला, दमलेला, माझ्यापेक्षा वीस किलोनं जड माणूस पाण्यातून वर घ्यायचा. हातांनी ते होत नाही, कुणालाच होत नाही. शीड चढवण्याचा दोर पट्ट्याला अडकवायचा आणि विंच फिरवायचा. माझा उजवा खांदा दुखतो. मी डाव्यानं फिरवते. एकदा खऱ्या माणसावर करून बघू म्हणून शांत खाडीत तो स्वतः पाण्यात उतरला आणि मी त्याला विंचनं इंच इंच वर घेतला. अकरा मिनिटं लागली. तो वर लोंबकळत माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, पण विंचचा आवाज थांबला की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलं.

म्हणून आमचा एक नियम आहे. रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. कारण काही असो.

मार्केसासच्या वाटेवर बाराव्या रात्री मला आपोआप जाग आली. पायाला हात लागला नव्हता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याला कधी उशीर होत नाही. मी शिडीवर चढून वर बघितलं तर कॉकपिट रिकामं होतं. गजर वाजत होता. त्याचा पेला कोपऱ्यात हेलकाव्याबरोबर इकडून तिकडे घरंगळत होता.

मी पुढे बघितलं नाही. आधी मागे बघितलं. बोटीमागे पाण्यातल्या चमकत्या जिवांची हिरवट रेघ ताणत गेली होती आणि पुढे अंधारात संपत होती. लॉगबुकातली शेवटची नोंद दोनची होती, हे मला वर येताना दिसलं होतं. एक तास. सहा नॉट. सहा सागरी मैल, म्हणजे अकरा किलोमीटर. हे गणित मी केलं नाही, ते आपोआप झालं. इतकी वर्षं तेच करत आल्यामुळे डोक्यानं ते मला विचारलंही नाही. मी हाक मारली का, आठवत नाही. हात टेकायला गेला आणि डेकवर लांबीनं बांधलेल्या पट्टीवर पडला. चालताना आपण आपला आकडा जिच्यात अडकवतो ती ही पट्टी. रिकामी असते तेव्हा ती डेकवर सैल पडलेली असते. आता ती ताठ होती. हाताखाली ती हलली. पुन्हा हलली. पुढे, उलट्या घातलेल्या छोट्या होडीच्या, डिंगीच्या पलीकडे, कुणीतरी तिच्यावर ओझं टाकत होतं.

तो पोटावर पडून पुढच्या शिडाच्या काठीचा दोर सोडवत होता. दोर घासून अर्धा तुटला होता, तुटला असता तर काठीनं शीड फाडलं असतं. दहा मिनिटांचं काम, मला उगाच कशाला उठवायचं, असं त्याला वाटलं. तो परत आला तेव्हा मी त्याला मारलं. छातीवर, दोन्ही मुठींनी, लाइफजॅकेटवरच. मग दोन दिवस मी पाळी बदलताना "काही?" विचारलं नाही.

त्या दोन दिवसांत मला जे कळलं ते मला आधी कळायला हवं होतं. अटलांटिकवर मला वाटायचं की विश्वास म्हणजे त्यानं माझ्या हातात बोट देणं. सर आली तर ही शीड गुंडाळेल, जहाज आलं तर हिला दिसेल. तो विश्वास त्यानं ठेवला आणि मी निभावला. पण झोपलेल्या माणसाचं मागणं त्याहून साधं असतं. मी उठेन तेव्हा तू तिथं अस. शिडं फाटू देत, काठी मोडू दे, बोट चुकीच्या दिशेला जाऊ दे. पहाऱ्यावर असणाऱ्याचं पहिलं काम बोट सांभाळणं नाही, बोटीवर राहणं आहे. हे मी त्याला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो ऐकत राहिला. त्या तारखेच्या पानावर, वेग आणि वायुदाबाच्या रकान्यांपुढे, शेऱ्याच्या जागी त्यानं लिहिलंय: "मी चुकलो." पान अजून आहे.

मागच्या हंगामात रात्रीच्या दिव्यांभोवती त्याला वलयं दिसायला लागली. लाल आणि हिरवा एकत्र पसरून एकच धुरकट गोळा दिसतो, असं त्यानं एका पहाटे स्वतःच सांगितलं. मोतीबिंदू. शस्त्रक्रिया होईपर्यंतच्या टप्प्यांवर गडद रात्रीच्या पाळ्या मी घेतल्या, त्यानं संध्याकाळ आणि दिवसाचं काम जास्त उचललं. आता त्याचे डोळे स्वच्छ आहेत आणि माझा खांदा जास्त दुखतो, म्हणून विंच तो फिरवतो. किती वर्षं चालेल, हे आम्ही एकमेकांना विचारतो. आमच्या ओळखीतल्या तीन जोडप्यांनी बोटी विकल्या. त्यातल्या एकीनं नवरा गेल्यावर विकली. बोट ती एकटी चालवू शकत होती, पण एकटी झोपू शकत नव्हती. ती हे म्हणाली तेव्हा मी तिचा हात धरला, बोलायला मला काही सुचलं नाही.

यंदाचं पाळ्यांचं वेळापत्रक चार्टच्या टेबलावर पेन्सिलनं लिहून चिकटवलंय. पुढे काही अडकलं, सैल झालं, घासायला लागलं की तो आता शिडीच्या झाकणावर दोनदा टकटक करतो. मी अर्धवट झोपेत वर येते, माझा आकडा अडकवते आणि डेकवरच्या त्या पट्टीवर हात ठेवून बसते. तो पुढे सरकतो तशी पट्टी ताणते. तो तिथं असेपर्यंत ती हाताखाली हलत राहते, आणि तो परत येऊन माझ्या शेजारी बसला की सैल पडते. मग मी खाली जाते. अंथरूण तोवर गार झालेलं असतं. ते पुन्हा गरम होईपर्यंत मी वरची त्याची पावलं ऐकत पडून राहते.